फोटोत कोण नाही? : सुधारक ओलवे यांच्या कामाविषयी

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावर सोपवला होता. बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहायचे ठरवल्याचे कळले, आणि ते योग्यच आहे. मी १९८४ च्या दहावीच्या बॅचचा. शाळा सोडल्यावर आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून आठवणींऐवजी इतिहासाचाच एक तुकडा घेऊन आलो आहे. तो एका छायाचित्रकाराचा आहे. त्यांचे नाव सुधारक ओलवे. ते भंडारदऱ्याचे नाहीत, आपल्या शाळेचेही नाहीत. तरी या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण आपला परिसर आज महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त फोटो निघणाऱ्या ठिकाणांपैकी एक झाला आहे. पावसाळ्यात रंधा आणि अंब्रेला धबधबा, पावसाच्या तोंडावर काजवे, थंडीत जलाशयाकाठचे तंबू. मोबाईल उघडावा तर कुठे ना कुठे आपले गाव दिसतेच. दिसत नाहीत ती गावातली माणसे.

कॅमेरा आपल्याकडे आला कसा, तिथून सुरुवात करू. आपल्याच देवगावचे आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाला होता, पण डोंगरातल्या बंडखोराचा चेहरा टिपावा असे त्या काळच्या कॅमेऱ्याला वाटण्याचे कारण नव्हते. म्हणून राघोजींचा चेहरा आपण ओळखतो तो चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या कल्पनेतून. पुढे १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. म्हणजे मराठी माणसाने कॅमेरा हातात घेतला तो तसा लवकरच.

पण सत्तेच्या हातातला कॅमेरा वेगळे काम करत होता. १८५७ च्या उठावानंतर सरकारला आपली प्रजा ‘ओळखून’ घ्यायची घाई झाली. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यात देशभरातल्या जातिजमातींचे फोटो आहेत. समोर उभ्या केलेल्या माणसाच्या फोटोखाली बहुतेक ठिकाणी त्याचे नाव नसून जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, आणि हे लोक स्वभावाने कसे, विश्वासू की दंगेखोर, अशी शेरेबाजी. प्राण्यांच्या नमुन्याला चिठ्ठी लावावी तसा हा प्रकार. ज्यांच्या आजोबा-पणजोबांकडे सरकारने कायम संशयाने पाहिले, त्या आपल्या भागातल्या मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग धरण आले. १९१० साली प्रवरेवर शेंडीजवळ काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे ८२ मीटर उंचीची दगडी भिंत. धरणाला गव्हर्नरचे नाव मिळाले, तलावालाही साहेबाचेच नाव मिळाले. खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरपर्यंत कालवे गेले, ऊस उभा राहिला, कारखाने आले. सोळा वर्षे ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिला त्यांची नावे कुठल्या धरणाला किंवा तलावाला मिळाली नाहीत. ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली त्यांचीही नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच घरांतून शाळेत आलो.

जी माणसे काम करतात पण चौकटीत येत नाहीत, त्यांच्याकडे मुद्दाम कॅमेरा वळवणाऱ्यांची एक परंपरा आहे. तिला आपण डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतो. मराठीत ‘माहितीपर छायाचित्रण’ असा शब्द वापरतात, पण त्यात तिचा जीव येत नाही. आपल्या शिक्षकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिच्या आद्य पुरुषांपैकी एक जण शाळामास्तर होता. लुईस हाईन न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवत असे. १९०८ साली त्याने शाळा सोडली आणि बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी अमेरिकाभर फिरून कापडगिरण्यांत, कोळशाच्या खाणींत, काचेच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मालक आत सोडत नसत, तेव्हा तो यंत्रांचे फोटो काढायला आलो असे सांगे. मुलाची उंची मोजण्यासाठी तो स्वतःच्या कोटाची बटणे खूण म्हणून वापरी. नाव, वय, कामाचे तास हे सारे तो टिपून ठेवी. शिक्षकाची सवय! हजेरीपटात नाव नसेल तर मूल वर्गात नाही, हे त्याला ठाऊक होते.

आपल्याकडे १९१९ मध्ये जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर अमृतसरला गेले. त्यांच्या फोटोंत प्रेते नाहीत. भिंत आहे, भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत आणि त्या खुणांकडे बोट दाखवणारी माणसे आहेत. सरकारला जे झाकायचे होते ते त्या बोटांनी दाखवून ठेवले. मराठी छायाचित्रकाराने साक्षीदार होण्याची ही मोठी घटना आहे, आणि शालेय इतिहासात तिला अजून हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

सुधारक ओलवे याच वाटेवरचे. त्यांचा जन्म १९६६ सालचा, अकोल्याचा. आपल्या अकोले तालुक्याशी गल्लत नको, हे विदर्भातले अकोला. म्हणजे आपल्या बॅचपेक्षा दोनेक वर्षांनी मोठे, अगदी आपल्याच पिढीचे. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले आणि आघाडीच्या दैनिकांत त्यांनी नोकरी केली. वृत्तपत्राचा फोटोग्राफर म्हणजे धावपळ. सकाळी मंत्र्यांची सभा, दुपारी आग, संध्याकाळी क्रिकेटपटू, रात्री आठच्या आत फोटो टेबलावर. एका ठिकाणी अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. तो काळ रोलचा होता. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि रोल धुतल्याशिवाय काय मिळाले ते कळणार नाही.

डॉक्युमेंटरीचे काम याच्या उलट चालते. तिथे पहिला फोटो काढण्याआधी ओळख लागते. माणूस कॅमेऱ्याकडे बघायचे विसरतो तेव्हा खरे काम सुरू होते, आणि त्याला महिने लागतात, कधी वर्षे. नोकरी सांभाळून ओलवे यांनी असे काम अंगावर घेतले. विषय निवडला तो मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचा.

मुंबईत राहिलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे कामगार पाहिले आहेत. पाहिले आहेत म्हणजे पहाटे त्यांच्या बाजूने नाकाला रुमाल लावून गेलो आहोत. शहराचा कचरा आणि मैला उचलणाऱ्या या कामगारांची संख्या त्या वेळी तीस हजारांच्या घरात होती, आणि त्यातले जवळजवळ सगळे दलित समाजातले. महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांतून, कुणी आजोबांच्या काळात, कुणी बहात्तरच्या दुष्काळात, पोटासाठी मुंबई गाठलेली ही माणसे. सकाळी चौकीवर मुकादमापुढे हजेरी लावायची, झाडू, फावडे, घमेले उचलायचे आणि निघायचे.

ओलवे यांनी हे सारे कृष्णधवल फोटोंत मांडले. मॅनहोलमधून डोके वर काढणारा, अंगभर काळ्या गाळाने माखलेला माणूस. कचऱ्याच्या ढिगात उघड्या हातांनी काम करणारे कामगार. पण त्यांचा कॅमेरा तिथेच थांबला नाही. तो त्यांच्या वसाहतींत, दहा बाय दहाच्या खोल्यांत गेला. तिथे बायका-मुले आहेत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, आजारपण आहे, दारू आहे, आणि हसणेही आहे. मॅनहोलमधला माणूस घरी गेल्यावर कुणाचा तरी बाप असतो, हे या फोटोंनी दाखवले. माझ्या मते त्यांचे मोठेपण गटारातल्या फोटोत जेवढे आहे तेवढेच या घरातल्या फोटोत आहे. गटारातला फोटो पाहून दया येते. घरातला फोटो पाहिला की तो माणूस आपल्यासारखाच आहे हे कळते, आणि मग दयेने भागत नाही.

विद्यार्थी नेहमी विचारतात, एवढे वाईट काम आहे तर ही माणसे सोडत का नाहीत? याचे उत्तर इतिहासात आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या जातीने लादले. स्वातंत्र्यानंतर त्याला नोकरीचे रूप आले, पगार आला, निवृत्तिवेतन आले, ही मोठी गोष्ट झाली. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळण्याची सोय झाली. हेतू चांगला, घर रस्त्यावर येऊ नये हाच. पण त्यातूनच आणखी एक साखळी तयार झाली. मुंबईत कामगाराला मिळालेली खोली नोकरीशी बांधलेली. बाप गेला, नोकरी कुणी घेतली नाही, तर खोली सोडायची. मग शिकलेला मुलगाही बापाचा झाडू उचलतो. कुणी त्याला हे काम कर म्हणून धमकावत नाही. डोक्यावरचे छप्परच त्याला धमकावते. ओलवे यांच्या फोटोंतल्या खोल्या पाहताना हे लक्षात ठेवले की त्या अरुंद भिंतींचा अर्थ बदलतो.

या कामाची दखल बाहेर आधी घेतली गेली असे म्हणायला हरकत नाही. २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ छायाचित्र स्पर्धेतल्या चार मानकऱ्यांपैकी ते एक होते, आणि त्यांचे फोटो लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टन इथे मांडले गेले. ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या नावाने सफाई कामगारांवरचे त्यांचे पुस्तक आहे. मुंबईतल्या कर्तबगार स्त्रियांवर ‘स्पिरिटेड सोल्स’ हे आणखी एक. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट ही संस्थाही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. महाराष्ट्रात जातीय अत्याचारांना बळी पडलेल्यांच्या कुटुंबांकडेही त्यांनी कॅमेरा नेला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या माणसांकडे देशाने पाहिले नाही त्यांचे फोटो काढल्याबद्दल देशाने सन्मान केला, यात अभिमान वाटावा असेही काही आहे आणि विचारात पडावे असेही.

मी हे फोटो वर्गात दाखवत असे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, अशा अवस्थेत कुणाचा फोटो काढणे बरोबर आहे का? त्याला लाज वाटत नसेल?” असे प्रश्न विचारणारी मुले भेटली की शिक्षकाचे वर्ष सार्थकी लागते. त्या दिवशी उरलेला तास यावरच गेला. मुलांनीच हळूहळू उत्तर शोधले. लाज काम करणाऱ्याची आहे की करवून घेणाऱ्यांची? गाळात उतरलेला माणूस आपले काम करतो आहे. त्याला दोरी, मुखवटा, हातमोजे न देता उतरवणारे आणि वरून झाकण लावून विसरणारे, लाज वाटायची तर त्यांना. चोरून काढलेला फोटो आणि महिनोन्‌महिने ओळख करून, विश्वासाने काढलेला फोटो यांतही फरक आहे. पहिल्यात माणसाचे काहीतरी हिरावून घेतले जाते. दुसऱ्यात तो माणूसच आपल्याला काहीतरी दाखवत असतो, विरकरांच्या फोटोत भिंतीकडे बोट दाखवणाऱ्यांसारखा.

फोटोने जग बदलते का? इतिहासाचा शिक्षक म्हणून मी भाबडे उत्तर देणार नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. दुसरा, अधिक कडक, २०१३ चा. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. हाईनच्या फोटोंनंतरही अमेरिकेत बालमजुरीवर देशव्यापी, टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडले. फोटो कायदा करत नाही आणि मॅनहोलही बंद करत नाही. पण ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणायची सोय तो ठेवत नाही. लोकशाहीत हेही थोडके नाही.

आता जरा आपल्याकडे वळू.

आपल्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो बऱ्याच जणांकडे असेल. मधल्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि गुरुजन, पुढे जमिनीवर मांडी घालून मुली, मागे बाकांवर उभी मुले. ज्यांनी ती बाके वर्गातून उचलून पटांगणात आणून मांडली ते शिपाईमामा फोटोत नाहीत. रुळाच्या तुकड्यावर टोल देणारे, आषाढात कौले गळायला लागली की छपरावर चढणारे, मुरशेत-पांजऱ्याकडून भिजत आलेल्या पोरांना आधी चुलीपाशी बसवून मग वर्गात सोडणारे मामा. पाणी भरणाऱ्या मावशीही फोटोत नाहीत. हे कुणी मुद्दाम केले नाही. तेव्हा सगळ्याच शाळांचे फोटो असेच निघत. पण त्यामुळे आपल्या शाळेच्या इतिहासातून दोन माणसे गेली, आणि ती कशी होती हे सांगणारी आपलीच शेवटची पिढी आहे. सरांपैकीही काही आज आपल्यात नाहीत. जे आहेत त्यांच्या आठवणी आत्ताच विचारून घ्यायला हव्यात.

म्हणून समितीला एक विनंती केली होती आणि ती मान्य झाली आहे. मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडलेले असेल. घरातले जुने फोटो घेऊन या. शाळेचेच हवेत असे नाही. लग्नातले, आवणीतले, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या जत्रेतले, धरणाच्या कामावर गेलेल्या कुणा आजोबांचे, कसलेही चालतील. टेबलावर मऊ पेन्सिली असतील. फोटोच्या मागे हलक्या हाताने लिहायचे: कोण, कुठे, साधारण केव्हा. बॉलपेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर ओढून काढू नका, पानासकट आणा. तरुण बॅचमधली मुले स्कॅनर घेऊन बसणार आहेत. सहाशे डीपीआयवर स्कॅन केला की छोटा फोटोही पुढे मोठा करता येतो. मूळ फोटो तिथल्या तिथे परत मिळेल.

आणि आजच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. तुमच्या हातात मोबाईल आहे, आणि तो लुईस हाईनच्या जड पेटीपेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आहे. धबधब्याचे फोटो पर्यटक काढतातच. तुम्ही गाळात भात लावणाऱ्या आजीचा काढा, पर्यटकांच्या तंबूंमागचा कचरा सकाळी गोळा करणाऱ्या पोराचा काढा, कळसूबाईच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या डोक्यावरून वर नेणाऱ्या ताईंचा काढा. आधी त्यांच्याशी बोला, परवानगी घ्या, नाव विचारा. काढलेला फोटो त्यांना नेऊन द्या. त्यांनी घरात लावला तर तुमचे काम जमले असे समजा.

शिपाईमामांचा फोटो कुणाकडे असेल, लग्नातल्या पंगतीतला का होईना, अर्धवट का होईना, तर तो आधी आणा. शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या तसबिरींच्या रांगेत एक जागा रिकामी ठेवायला सध्याच्या मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे.